कंपनीची खूण

हबीबभाई मला ‘डुप्लिकेट’ म्हणायचे. माझं नाव नागनाथ आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण उमरग्यात हायवेला माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, आणि त्यातला बराचसा माल कंपनीचा नसलेला. तेवढ्या एका कारणावरून त्यांनी माझं दुसरं बारसं केलं. “काय डुप्लिकेट, जेवला का?” असं ते भर गिऱ्हाइकीच्या वेळी रस्त्याच्या पलीकडून ओरडायचे. गिऱ्हाईक नवं असलं की हातातला ब्रेकलायनर काउंटरवर ठेवून सरळ बाहेर पडायचं. हबीबभाईंना जाऊन आता वर्ष उलटलं. तरी दुपारी पलीकडून कुणी हाक मारली की माझ्या कपाळाला आपोआप आठी पडते.

ते पेशानं कंपाउंडर. आमच्या गावात एक जुने डॉक्टर होते, त्यांच्या दवाखान्यात हबीबभाईंनी उभी हयात काढली. डॉक्टरांना गाड्यांचा षोक. हैदराबादच्या कुण्या नवाबाच्या नातवाकडून त्यांनी एक अमेरिकन गाडी आणली होती. दोन दारांची, आठ सिलिंडरची, पुढचं नाक एवढं लांब की वळताना आधी नाक वळायचं आणि मग माणसं. सुरू झाली की पलीकडच्या हॉटेलातल्या बश्या वाजायच्या. पुढं डॉक्टर थकले, मुलांनी त्यांना आणि बाईसाहेबांना पुण्याला नेलं, दवाखाना बंद झाला. जाताना डॉक्टर म्हणाले, “हबीब, ही तूच ठेव.” गाडी हबीबभाईंच्या घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये आली, आणि ती शेड नेमकी माझ्या दुकानासमोर. माझ्या नशिबाचे भोग तिथून सुरू झाले.

‘असल’ हा त्यांचा शब्द. आमच्याकडं खवा असल असतो, तूप असल असतं, पण हबीबभाईंचं असल हे वेगळंच प्रकरण होतं. वस्तू बनवणाऱ्याच्या हातातून जशी निघाली तशी ती राहिली पाहिजे. झिजू दे, डाग पडू दे, पण बदलायची नाही. “मळ काढायचा, कातडी न्हाय काढायची,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी म्हणून दाखवेन. दुकानात येऊन स्टुलावर बसायचे, माझा चहा प्यायचे, रॅकवरचा एखादा खोका उचलून उलटासुलटा करायचे आणि परत ठेवताना म्हणायचे, “नक्कल लई साफ करायलेत आजकाल.” विकत कधी काही घेतलं नाही. इंजिनं पुसायच्या चिंध्या नेल्या असतील तेवढ्याच, त्याही फुकट.

त्यांची गाडी साफ करायची तऱ्हा बघितली की हसावं का डोकं आपटावं कळायचं नाही. दवाखाना सुटला होता, पण कंपाउंडर काही सुटला नव्हता. सकाळी नाष्टा झाला की स्टीलच्या ट्रेमध्ये कापूस, चिमटा, स्पिरिटची बाटली, चिंचेचा कोळ आणि कान कोरायच्या काड्या घेऊन ते शेडमध्ये शिरायचे. आज समोरची जाळी, उद्या डाव्या दाराची मूठ. एका मुठीला आठवडा. गंजून बसलेला नट पान्यानं सोडवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यासाठी सलाइनची रिकामी बाटली घासलेटानं भरून छताला टांगायची, नळी नटावर सोडायची आणि थेंब थेंब चालू ठेवायचं. वर पुन्हा येणाऱ्याला दबक्या आवाजात सांगायचे, “हळू बोल. मागल्या चाकाला ड्रिप चालू हाय.” मी एकदा म्हटलं, “हबीबभाई, दोन हातोडे घाला, निघंल.” त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कुणाचा तरी गळा दाबायला निघालोय.

महिन्यातून एकदा गाडीला ऊन दाखवायचं असायचं. गाडी स्वतःच्या पायावर बाहेर येत नव्हती, म्हणून ती ढकलायची. ढकलायची म्हणजे मी, माझ्याकडं आलेलं एखादं गिऱ्हाईक आणि चहावाला. हबीबभाई स्टिअरिंगवर. “हळू, हळू, बंपरला हात लावू न्हाय, पावडर लावलीया.” बंपरला हात लावायचा नाही, दिव्याला लावायचा नाही, रंगाला तर मुळीच नाही, मग ढकलायचं कुठं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या गाडीत मी एकदाही बसलो नाही. तिच्यामागं वाकून वाकून माझी कंबर मात्र कायमची धरली.

एकदा पुण्याहून एक हौशी गृहस्थ आले. गोरेगोमटे, डोळ्यांवर काळा चष्मा, जुन्या गाड्या दुरुस्त करून प्रदर्शनात नेणारे. गाडीभोवती चार फेऱ्या मारून म्हणाले, “चाचा, मला द्या. सगळं खरवडून, रंग मारून एकदम नव्यासारखी करतो. बघत राहाल.” मी मनातल्या मनात हात जोडले, देवा, एवढं होऊ दे. हबीबभाईंनी शांतपणे विचारलं, “नव्यासारखी म्हंजे?” “म्हणजे ओळखूच येणार नाही जुनी आहे ते.” “मग जुनी कुठं जाणार?” गृहस्थ हसले. हबीबभाई हसले नाहीत. म्हणाले, “साहेब, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात आणलं आणि त्याच्या जागी त्याचा पोरगा घरी पाठवला, तर घरची माणसं काय म्हणतील?” ते गृहस्थ गेले. गाडी तिथंच राहिली. पुढच्या महिन्यात मी ती पुन्हा ढकलली.

दुसऱ्या एका खेपेस ऊन दाखवताना एका मोटरसायकलवाल्यानं मागच्या दिव्याची लाल काच फोडली. मी लगेच दुकानातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा दिवा आणला, म्हटलं तात्पुरता लावा. हबीबभाईंनी दिव्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते रस्त्यावर उकिडवे बसले आणि चिमट्यानं काचेचे लाल तुकडे वेचायला लागले. सोलापूरकडून येणारे ट्रक हॉर्न वाजवायला लागले, उसाची एक बैलगाडी अडकली, पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून शिव्या द्यायला लागला. हबीबभाई मान वर न करता म्हणाले, “एक तुकडा ऱ्हायलाय. तुझ्या चाकाखाली आसंल, जरा मागं घे.” आणि त्या बहाद्दरानं खरोखर ट्रक मागं घेतला! तुकडा सापडला. पुढचे कित्येक दिवस ते भिंग लावून ती काच जोडत होते. जोडलेली काच लांबून चांगली दिसायची. जवळून ती कशी दिसायची ते मी सांगणार नाही.

आता जुलेखाभाभींबद्दल सांगतो, कारण सगळं त्यांच्यापाशी येऊन अडलं होतं. भाभी हबीबभाईंच्या बेगम, आणि हट्टाच्या बाबतीत त्यांना तोडीस तोड. त्यांचं माहेर बसवकल्याणला, राज्याच्या हद्दीच्या पलीकडं, हैदराबादच्या वाटेवर, काही फार लांब नाही. तिथं त्यांची थोरली बहीण, साबेराआपा, अंथरुणाला खिळलेली. भाभींचे गुडघे गेलेले, एसटीच्या पायऱ्या चढणं त्यांच्यानं होत नव्हतं. मी म्हटलं, जीप सांगतो. माझ्या मेव्हण्याची गाडी आहे, ती सांगतो. पैसे कुणी मागितलेत? भाभी मान हलवायच्या. “न्हाय भाऊ. यांनी जबान दिली व्हती. ही गाडी आली त्या दिवशी म्हनले, तुला ह्याच गाडीत माहेरी नेतो. आपाला मी तसं सांगून बसले. आता दुसऱ्या गाडीतनं उतरले तर आपा काय म्हनंल?” इकडं साबेराआपा रोज फोनवर विचारायच्या, निघाली का तुमची गाडी? आणि फोन ठेवल्यावर भाभी दारात येऊन गाडीकडं बघत बसायच्या. ते मला बघवायचं नाही.

बरं, गाडीचा आजार काही मोठा नव्हता. इंजिन शाबूत होतं. चावी मारली की सुरू व्हायचं, दणदणायचं, आणि थोड्या वेळात पेट्रोल बाहेर सांडून बंद पडायचं. कार्बोरेटरमध्ये पितळेचा एक पोकळ फ्लोट असतो, तो पेट्रोलवर तरंगतो आणि पेट्रोल पुरेसं झालं की वर येऊन वाट बंद करतो. या गाडीच्या फ्लोटला बारीक भोक पडलं होतं. तो तरंगण्याऐवजी बुडत होता, म्हणून वाट बंदच होत नव्हती. माझ्या दुकानात जुन्या जीपचा फ्लोट होता, तोही नकलीच. त्याचा पाय, म्हणजे बिजागरीची पट्टी, जरा वाकवला की चपखल बसला असता. कार्बोरेटरचं झाकण उघडायचं, फ्लोट बदलायचा, झाकण लावायचं. चहा थंड व्हायच्या आत काम झालं असतं.

पण झाकण उघडायचं नाही! कारण खूण.

झाकण आणि खालचं भांडं जिथं जुळतात तिथं सांध्यावरून एक पिवळी रेघ गेली होती. बोटाएवढी रुंद, जराशी तिरकी. हबीबभाईंनी मोबाइलवर कुठल्या तरी अमेरिकन माणसाचा व्हिडिओ बघितला होता, तेव्हापासून त्या रेघेला घरात पीरासारखा मान आला होता. “ही कंपनीची खूण हाय. कारखान्यात शेवटी एक तपासणारा असतोय. समदं बरोबर दिसलं की तो रंगाची रेघ वढतोय, आर्धी वर, आर्धी खाली. म्हंजे नंतर कुणी उघडलं की रेघ हलती, चोरी कळती. ही रेघ हलली न्हाय. म्हंजे हिचं काळीज कुणाच्या बापानं उघडलेलं न्हाय.” त्यांनी त्या रेघेवर गॉजची पट्टी लावून ठेवली होती, वर चिकटपट्टी. ती पट्टी ते वेळच्या वेळी बदलायचे.

मी म्हटलं, “तुम्ही डॉक्टरांच्या अमेरिकेतल्या मुलाला असल फ्लोट पाठवायला सांगितलाय ना?”

“सांगितलाय.”

“तो आला तर बसवायला झाकण उघडावंच लागंल की!”

“असल येऊ तर दे. मग बघू.”

“काय बघू?”

“डुप्लिकेट, तुला न्हाय कळायचं.”

हे संभाषण आमच्यात किती वेळा झालं असेल याची गणती नाही. दर वेळी मी ठरवायचो की आता पुन्हा या माणसाशी बोलायचं नाही. दर वेळी दुपारी पलीकडून हाक यायची.

मग एका शुक्रवारी, हबीबभाई जुम्म्याच्या नमाजाला गेले असताना, भाभींनी मला शेडमधून हाक मारली. स्टूल टाकून गाडीपुढं बसल्या होत्या. मांडीवर पाण्याचा तांब्या आणि हातात कपडे धुवायच्या साबणाची वडी.

“भाऊ, ह्याचं तोंड उघडा जरा.”

“कशाला भाभी?”

“उघडा म्हनते ना. आज आपाचा फोन आला. बोलताच येईना तिला. नुसती रडत व्हती.”

मी बॉनेट वर केलं. एअर फिल्टरचं झाकण त्यांनी मलाच काढायला लावलं. पट्टी त्यांनी स्वतः ओढून काढली. “खूण, खूण, खूण! खूण हाय म्हनून उघडत न्हाईत ना? धुऊनच टाकते. खूणच न्हाय ऱ्हायली तर काय सांभाळतील?” मी म्हणालो, भाभी, असं करू नका, ते जीव देतील. भाभी म्हणाल्या, “देऊ दे.” आणि वडी ओली करून रेघेच्या वरच्या टोकाला खसाखसा घासली.

रेघ लाल झाली.

आम्ही दोघं बघत राहिलो. पिवळा रंग साबणाच्या फेसाखाली कुंकवासारखा लालभडक होत गेला. हळदीच्या डागाला साबण लागला की तो असाच लाल होतो, हे घरात कपडे धुणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. भाभींनी आयुष्यभर तेच केलं होतं. त्यांनी बोट फेसात बुडवलं, डोळ्यांजवळ नेलं, हुंगलं.

“या अल्ला,” त्या म्हणाल्या. “ये तो हल्दी है!”

तेवढ्यात हबीबभाई दारात उभे. डोक्यावर टोपी तशीच. उघडं बॉनेट, बायकोच्या हातात साबण, मी शेजारी चोरासारखा. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, पण भाभींनी बोलूच दिलं नाही.

“हळद हाय ही! कंपनीची म्हनं! बाईसाहेबांची हळद हाय, त्या शेवटच्या दसऱ्याची. पुण्याला जायच्या आधी गाडीची पूजा केली त्यांनी. ताट कुणी धरलं व्हतं? तुमीच धरलं व्हतं ना? हे फिल्टरचं झाकन कुणी काढलं व्हतं? आन हळदीचं बोट ओढतानाच काय म्हनल्या तुमाला? ‘हबीब, पहिली चक्कर जुलेखाला माहेरी नेऊन आन.’ आठवतंय का?”

हबीबभाई हळूहळू गाडीपाशी आले. चष्मा काढला, ट्रेमधल्या कापसानं पुसला, परत लावला. वाकून त्या रेघेकडं बघितलं, वरचं टोक लाल, खालचं पिवळं. मी मनाशी म्हणत होतो, नागनाथा, आता सोडायचं नाही, इतक्या वर्षांचा सूड आज उगवायचा. वाक्यं तयार होती माझी. पण त्यांचा तो वाकलेला पाठीचा कणा बघितला आणि मला त्यांची दया आली. दया आल्याचा रागही आला.

“आठवलं,” ते म्हणाले. एवढंच.

मग वर न बघता, “डुप्लिकेट, तो जीपचा फ्लोट हाय का अजून?”

“आहे.”

“आन. स्पिरिटनं पुसून आन.”

झाकण त्यांनी स्वतः उघडलं. एक स्क्रूही खाली पडू दिला नाही. बुडालेला फ्लोट कापसात गुंडाळून खिशात ठेवला. माझा फ्लोट बसवला, पाय वाकवला. झाकण ठेवताना मात्र त्यांनी इतका वेळ घेतला की माझा जीव वर आला. अर्धी रेघ वर, अर्धी खाली, ती पुन्हा तंतोतंत जुळेपर्यंत त्यांनी स्क्रू आवळले नाहीत. मग भाभींना म्हणाले, “जा, चिमूटभर हळद आन.” भाभींनी वाटीत कालवून आणली. साबणानं पुसट झालेल्या वरच्या टोकावर त्यांनी हळदीचं बोट ओढून रेघ पुरी केली आणि म्हणाले, “पास.”

बोटाला हळद उरली होती. ती त्यांनी माझ्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला पुसली. “तू बी पास.”

मी म्हटलं, “अहो हबीबभाई, नवा शर्ट आहे!”

“हाय तर हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. भाभींनी हिरवी साडी नेसली होती, मांडीवर आपासाठी केलेल्या गुळाच्या पोळ्यांचा डबा. त्यांच्या बाजूच्या खिडकीची काच असल होती, म्हणून ती वर होत नव्हती. हबीबभाईंनी चावी मारली. काही नाही. पुन्हा मारली. बॅटरी उतरलेली. बॅटरीही अर्थातच जुनी, आणि माझ्याकडं नवी असताना घेतलेली नाही. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मला काही विचारायचीही गरज वाटली नाही. मी रस्ता ओलांडून मागं गेलो, चहावाला आला, आम्ही वाकलो.

“बंपरला हात लावू न्हाय!”

गाडी चार हात गेली, दचकली, आणि इंजिन सुरू झालं. हॉटेलातल्या बश्या वाजल्या. रस्त्यावरची माणसं थांबली. थांबले नाहीत ते हबीबभाई, कारण थांबले असते तर पुन्हा बंद पडली असती. त्यांना मागं वळून बघताही आलं नाही. तो जोडलेल्या लाल काचेचा दिवा हैदराबादच्या बाजूला लांब लांब जात राहिला, आणि काच वर नसलेल्या त्या खिडकीतून भाभींचा हिरव्या पदरातला हात वाऱ्यावर हलत राहिला. साबेराआपांनी अंगणात खाट टाकायला लावली होती, असं नंतर कळलं. गाडी येताना त्यांना बघायची होती.

तिकडंच त्यांचा मुक्काम वाढला, आणि त्या हिवाळ्यात हबीबभाई तिकडंच वारले. भाभी आता आपांजवळच असतात. गाडी त्यांच्या अंगणात उभी आहे.

गाडी उमरग्यातून गेली त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा आमच्या हिनं माझा आदल्या दिवशीचा शर्ट धुवायला घेतला होता. बाहीवरच्या डागाला साबण लावून झाला होता, अर्धा डाग लाल झाला होता. मी तिच्या हातातून शर्ट ओढून घेतला. “अहो, डाग जाऊ द्या की!” ती चिडली. मी म्हटलं, मळ काढायचा, कातडी नाही काढायची. शर्ट अजून दुकानात, काउंटरच्या मागं खिळ्याला आहे, आणि त्या बाहीवर मी गॉजची पट्टी लावली आहे.